पाठमोरी

परवा रात्री साडेअकराला अण्णांनी पुन्हा ग्रुपवर चारशे बारा फोटो टाकले. मोबाइल इस्त्रीसारखा तापला, सौ. जागी झाली, आणि आम्ही दोघं चष्मे लावून नेहमीच्या कामाला बसलो. काम म्हणजे त्या चारशे बारांत आपली मुलगी शोधणं. सापडली. एकोणसाठ ठिकाणी सापडली. एकोणसाठही ठिकाणी तिची पाठ.

अण्णा तुम्हाला माहीत आहेतच. प्रत्येक शाळेच्या प्रत्येक संघामागं असा एक पालक असतो. त्याला कुणी नेमलेलं नसतं. मुख्याध्यापकांना वाटतं क्रीडाशिक्षकांनी बोलावलाय, क्रीडाशिक्षकांना वाटतं संस्थेनं पाठवलाय, आणि संस्थेला वाटतं हा पेपरवाला आहे, याला चहा द्या. गळ्यात कॅमेरा, अंगात सतरा खिशांचं जाकीट, काखेत लाल प्लास्टिकचं स्टूल. आमच्या अण्णांचं साताऱ्यात मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पावसाळ्यात शेतावरचे पंप बंद असतात, त्यामुळं मोटारी जळत नाहीत, आणि शालेय स्पर्धा नेमक्या त्याच दिवसांत येतात. एवढ्या एका कारणानं आमच्या शाळेच्या मुलींच्या खो-खो संघाला छायाचित्रकार लाभला. कॅमेरा एका लग्नाच्या फोटोग्राफरकडून जुना घेतलेला. तो ड्रोनकडं वळला, त्याचा कॅमेरा अण्णांकडं वळला.

आता पाठीचं सांगतो. शाळा सुटल्यावर ज्यांचा खो-खो सुटला त्यांच्यासाठी जरा उजळणी. पाठलाग करणाऱ्या संघाच्या आठ जणी मधल्या पट्टीवर एकेका चौकोनात बसतात. एकीचं तोंड इकडं, तर शेजारणीचं तिकडं. नववी पळते. म्हणजे मैदानाच्या कुठल्याही अंगाला स्टूल टाका, चार चेहरे आणि चार पाठी, हा हिशेब ब्रह्मदेवाला चुकवता यायचा नाही. अण्णांची मुलगी चौथ्या चौकोनात बसते, आमची पाचव्या. अण्णा स्टूल कुठल्या अंगाला टाकणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. तीन वर्षं झाली. अण्णांच्या संग्रहात आमची कन्या म्हणजे सात नंबरचा पिवळा टी-शर्ट आणि एक वेणी. ती उठून पळायला लागली की नुसता पिवळा फराटा.

गेल्या वाढदिवसाला सौ.नं त्यातलीच एक बरी पाठ निवडून स्टेटसला ठेवली. खाली तिच्या भावानं लिहिलं, "रुसलीय का?"

मी एकदा अण्णांकडं विषय काढला. भीतभीतच, कारण फुकटच्या माणसाकडं तक्रार करायची म्हणजे कठीण.

"अण्णा, एखाद्या वेळी त्या बाजूनंही काढा की."

"तिकडनं ऊन डोळ्यावर येतंय, दादा."

ऑगस्ट होता. साताऱ्यात तीन आठवडे ऊन कुणी बघितलं नव्हतं. अजिंक्यताराच दिसत नव्हता, तिथं ऊन कुठलं! मी काही न बोलता छत्रीतून त्यांच्याकडं नुसतं बघत राहिलो. तेव्हा त्यांनी ठेवणीतलं काढलं.

"आणि मला सांगा, खो कुठं देत्यात? तोंडावर देत्यात व्हय? पाठीवरच देत्यात न्हवं? मग या खेळात किंमत कशाला? पाठीला!"

याला उत्तर नाही. मीही मग लाज सोडली आणि सरांना बाजूला घेऊन विचारलं, की आमच्या मुलीला एक चौकोन अलीकडं बसवता येईल का. सरांनी विचारलं, "का? डिफेन्समधल्या मुली त्या खांबाकडनं निसटतायत, असं वाटतंय का तुम्हाला?" मी "हो, तसंच काहीसं" म्हणालो. सर आठवडाभर त्यावर विचार करत होते, असं नंतर कळलं.

2025 च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं, कप्तान प्रियांका इंगळे, म्हणजे महाराष्ट्राचीच. आम्ही पेढे वाटले. अण्णांनी लेन्स घेतली. चांगली हातभर लांब. दुकानाचं शटर दुरुस्त करायचं होतं ते राहिलं, असं वहिनी सांगतात. लेन्सचा आम्हालाही फायदा झाला. पूर्वी नुसती पाठ दिसायची, आता शिवण दिसते. टी-शर्टावरचा सात खालच्या कोपऱ्यात उसवलाय हे घरात कुणाला माहीत नव्हतं, अण्णांच्या फोटोत दिसलं. सौ.नं तो शिवून टाकला.

मुली जिल्ह्यात पहिल्या आल्या तेव्हा चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. अण्णांचाच फोटो त्यावर, न विचारता उचललेला. मी चेहरे मोजले. मान्यवर एकवीस, त्यातले गॉगलवाले चौदा. संघ खालच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढा. त्या तिकिटात आठव्या चौकोनाच्या जागी एका भावी नगरसेवकांचा जोडलेला हात आला होता. आमची पाठ मात्र शाबूत. अण्णा फ्लेक्सखाली बराच वेळ उभे राहिले. मला वाटलं, आता चिडतील. ते म्हणाले, "छपाई फिक्की केलीय, पिवळा किती गोड होता."

मग विभागीय स्पर्धा लागली सांगलीला.

सांगली म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो. कृष्णा महाबळेश्वराला उगवते, आमच्या माहुलीवरून, कराडवरून खाली सांगलीला जाते. चषकही तसेच जातात. उलट्या दिशेनं वर चढून आलेला चषक निदान आमच्या शाळेच्या कपाटात तरी नाही. शिवाय निघायच्या चार दिवस आधी सरावात अण्णांच्या मुलीचा पाय खांबाजवळ मुरगळला. घोटा सुजून कणसाएवढा झाला. डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले. सगळ्यांना वाईट वाटलं. त्या वाईट वाटण्यात माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात असं आलं, की आता अण्णा येणार नाहीत, म्हणजे मला मोबाइलवर का होईना, पण पुढून फोटो काढता येतील. आलं ते आलं. लपवत नाही.

पहाटे साडेपाचला पोवई नाक्यावर गाडीपाशी गेलो तर लाल स्टूल टपावर बांधलेलं. आत खिडकीशी अण्णा, शेजारी पायाला क्रेप बँडेज गुंडाळलेली मुलगी.

कराड आलं तसे अण्णा नेहमीप्रमाणं सरसावून बसले. 1952 साली खाशाबा जाधव हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, तेव्हा कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. हे पोरींनी अण्णांकडून दर स्पर्धेला ऐकलेलं. शेवटचं वाक्य गाडीतल्या सगळ्यांनी एका सुरात म्हटलं, "तिथं मी असाय पाहिजे हुतो!" अण्णांचा जन्म त्यानंतर चांगला वीसेक वर्षांनी झालेला आहे, पण ही अडचण त्यांना कधी वाटली नाही. कुणीतरी काडी टाकली, "अण्णा, आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी 2023 ला बर्लिनमध्ये जगज्जेती झाली, सतराव्या वर्षी. तिचे काढा की फोटो." अण्णा फणकारले, "धनुष्यवाल्यांचा फोटो कुणीबी काढंल. ती उभी ऱ्हाती! आमच्या पोरी उभ्या ऱ्हात्यात का?"

पेठ नाक्यावर वळलो. इस्लामपूर, आष्टा करत सांगलीत पोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. अण्णांनी गुणलेखकाच्या टेबलावर कंदी पेढ्यांचा पुडा ठेवला. ही त्यांची जुनी पद्धत. त्यामुळं स्टूल दोरीच्या आत येतं, असा त्यांचा अनुभव.

सामना सुरू व्हायच्या आधी मुली चौकोनांत बसल्या. चौथ्यात नवी मुलगी, नववीतली, घाबरून सारखी वेणी चाचपणारी. अण्णा सवयीनं आपल्या बाजूला गेले, स्टूल टाकलं, बसले, कॅमेरा डोळ्याला लावला. मग खाली घेतला. परत लावला, परत खाली घेतला. आणि उठले. स्टूल काखेत मारून, दोरीबाहेरनं सबंध मैदानाला वळसा घालून, पंचांचं ओरडणं खात ते पलीकडं जाऊन बसले. त्या दिवशी सांगलीत खरोखरच ऊन होतं. आणि ते खरोखरच त्यांच्या डोळ्यावर येत होतं.

आम्ही हरलो. त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगलीच्या मुली तीन-तीनच्या तुकडीनं मैदानात येत आणि पाण्यातल्या मासोळ्यांसारख्या आमच्या हातातून जात. सामना संपल्यावर मुली रडल्या, मग दहा मिनिटांत भडंगाच्या पुड्यांवर तुटून पडल्या. मी अण्णांजवळ गेलो. ते रुमालानं डोळे पुसत होते. ऊन, दुसरं काय.

"आज इकडं बसलात?"

"तिकडं बसवंना. त्या चौकोनात आपली न्हाई, मग समोरनं काय बघायचं?" मग जरा वेळानं म्हणाले, "पाठमोरं बरं असतंय. पाठ कुणाचीबी असू शकती."

त्या रात्री साडेअकराला ग्रुपवर फोटो आले. फक्त सत्याऐंशी. आम्ही चष्मे लावले आणि सवयीनं सात नंबर शोधायला लागलो. सात कुठंच दिसेना. सौ. म्हणाली, "हिला बाहेर बसवलं होतं की काय?" मग लक्षात आलं, की या फोटोंत आकडा नाही, चेहरा आहे.

त्यातला एक फोटो मी मोठा केला. खो मिळाल्याचा नेमका क्षण. मागून एक हात तिच्या पाठीवर पडलाय, हातवालीचं तोंड खोसाठी उघडलेलं. आमची अर्धी उठली आहे, एक गुडघा अजून मातीत, एक पाय पुढं गेलेला. घाम, कपाळावर चिकटलेले केस, ओठ आत दाबलेले. आणि डोळे. घरात दप्तर फेकून "काय आहे खायला?" म्हणणारीचे ते डोळे नव्हते. ती आमच्याकडं बघत नव्हती, कॅमेऱ्याकडं तर नाहीच. दूर कुठंतरी, फोटोत न आलेल्या एका पळणारीवर ते लागले होते. हे असलं तोंड मी पंधरा वर्षांत पाहिलं नव्हतं.

मी ग्रुपवर अंगठा टाकला. मग तो पुरेसा वाटेना, म्हणून लिहिलं, "अण्णा, उपकार झाले." त्यांचं लगेच उत्तर आलं, "ऊन लय होतं, फोकस जरा हललाय, गोड मानून घ्या."

सौ. अजून तो फोटो बघत होती. तिनं बोटांनी तो मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की नुसते डोळेच उरले. मग मोबाइल उपडा ठेवून दिवा घालवला.

"पाठच बरी होती," ती अंधारात म्हणाली. "ही काय आता थांबायची नाही आपल्याकडं."