दहा पुस्तकांचा संच कसा पारखावा
(नवशिक्या परीक्षकांसाठी)

शाळेच्या ग्रंथालय समितीवर तुमची वर्णी लागली असेल, किंवा भाच्याच्या मुंजीत पाकिटाऐवजी पुस्तकं द्यावीत असं मनात आलं असेल, तर मुलांच्या माहितीपर पुस्तकांचा संच पारखण्याची पाळी तुमच्यावर येणारच. घाबरू नका. त्यासाठी पुस्तकं वाचावी लागतात, हा निव्वळ गैरसमज आहे.

सुरुवात वजनाने करावी. संच दोन्ही हातांनी उचलून 'वा!' म्हणावं. आर्ट पेपर असेल तर पानावरून बोट फिरवावं. 'कागद छान गुळगुळीत आहे' हा अभिप्राय कुठल्याही समितीत एकमताने मंजूर होतो. मग मलपृष्ठ पाहावं. तिथे 'वय 6 ते 16' असं छापलेलं असेल. पहिलीतल्या पोराचं आणि दहावीच्या विद्यार्थ्याचं एकाच पुस्तकात भागतं, हे प्रकाशकाचं कसब मानून पुढे जावं. त्यानंतर किंमत, किमतीवरची सवलत आणि सोबत मिळणारा फुकट तक्ता. बहुतेक समित्यांचं काम इथे आटोपतं आणि चहा येतो.

इथून पुढच्या सूचना चहा झाल्यावरही बसून राहणाऱ्यांसाठी आहेत.

शितावरून भाताची परीक्षा होते, संचाची होत नाही. विक्रेता वर डायनासोर ठेवतो. डायनासोरचं पुस्तक चित्रंच तारून नेतात. तुम्ही तळातलं ओढा: 'माती', 'दळणवळण', 'आपले शरीर'. पाट्या टाकल्यात की नाही ते मातीत कळतं. लेखकाचं नावही बघून ठेवा. डायनासोर, अणुऊर्जा, लोकमान्य टिळक आणि मधमाशीपालन ही चारही पुस्तकं एकाच गृहस्थांची असतील, तर ते प्रकांडपंडित असतील किंवा त्यांना पानांवर पैसे मिळत असतील. पंडित दुर्मीळ असतात.

'आपले शरीर'मध्ये जिभेचं चित्र शोधा. टोकाला गोड, कडेला आंबट, मागे कडू असा नकाशा असेल, तर तो दुसऱ्या पुस्तकातून उतरवलेला आहे, आणि त्या पुस्तकाने तिसऱ्यातून. गोड, आंबट, खारट, कडू या सगळ्या चवी टोकालाही कळतात आणि मागेही. पडताळायला प्रयोगशाळा नको, कारल्याचा एक थेंब रस जिभेच्या टोकाला लावला की झालं. पुस्तक खोटं पडलं की मुलांना विलक्षण आनंद होतो. तेवढ्यापुरतं ते पान उपयुक्त म्हणता येईल.

'थोर संशोधक'मध्ये जेम्स वॉट किटलीचं झाकण उडताना बघत बसलेला असेल आणि त्यावरून त्याला वाफेचं इंजिन सुचलं असेल. न्यूकोमेनचं वाफेचं इंजिन 1712पासून खाणींतलं पाणी उपसत होतं. वॉट जन्मला 1736 साली. त्याच्याकडे त्या इंजिनाचं एक छोटं प्रारूप दुरुस्तीला आलं होतं. त्यात वाफ किती वाया जाते हे त्याने पाहिलं, वाफ थंड करायची वेगळी सोय शोधली आणि 1769मध्ये पेटंट मिळवलं. दुरुस्ती करता करता शोध लागला, ही गोष्ट किटलीपेक्षा कितीतरी चांगली आहे. पण चित्रकाराला किटली सोपी पडते.

ग्रहांचं पुस्तक आकड्यांवरून नापास करू नका. शनीच्या चंद्रांची संख्या छापखान्यातच शिळी होते. 2025च्या मार्चमध्ये एकदम 128 नव्या चंद्रांची नोंद झाली. आकडा जुना निघाला तर माफ. पण चंद्र मोजले कोणी, कधी, कशातून पाहून, याचा पुस्तकात पत्ताच नसेल, तर अजिबात माफी नाही. नुसती माहिती मुलाला फोनमध्येही मिळते. ती कुणाला कशी कळली, हे सांगायला पुस्तक लागतं.

ऋतूंच्या पुस्तकात लाल पानं गळत असतील आणि पावसाळा दोन ओळींत उरकला असेल, तर संच कुठून आला हे विचारायची गरज नाही.

चरित्रमाला मात्र सावकाश पाहा. आनंदीबाई जोशींचं पुस्तक घ्या. 1886मध्ये फिलाडेल्फियात त्या डॉक्टर झाल्या आणि 1887च्या फेब्रुवारीत, बाविसावं वर्ष पुरं होण्याआधीच, गेल्या. एवढं प्रत्येक पुस्तकात असतं. तुम्ही त्यांचे पती गोपाळराव कसे येतात ते बघा. सहसा ते 'पत्नीला शिकवणारे पुरोगामी पती' म्हणून येतात. शिकवलं हे खरंच. मारत असत हेही खरं. खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या पत्रात त्या माराची आठवण करून दिली आहे. चौदाव्या वर्षी झालेलं बाळ काही दिवसांतच गेलं, हे संचात येतं, कारण त्यातून डॉक्टर होण्याचा निश्चय निघतो. मार येत नाही, कारण त्यातून बोध काढता येत नाही. 'बारा वर्षांच्या मुलीला असलं कसं सांगायचं?' असं समितीत कोणीतरी म्हणेलच. आनंदीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालं, हे त्याच मुलीला आपण अर्ध्या ओळीत, काहीच न वाटता सांगून टाकतो. शिकवणं आणि मार, दोन्ही सरळ सांगून, पत्राचा हवाला देऊन, गोपाळरावांना ना देव ना राक्षस करणारं पुस्तक हाती लागलं, तर ते बाजूला काढून ठेवा. असं पुस्तक क्वचित मिळतं.

मग माहितीच्या पुस्तकात गंमत करूच नये का? खुशाल करावी. अमेरिकेत 1986मध्ये जोआना कोल आणि ब्रूस डेगेन यांनी 'मॅजिक स्कूल बस' ही पुस्तकमाला सुरू केली. पहिल्याच पुस्तकात वर्गातली मुलं ढगात जाऊन पाण्याच्या थेंबाएवढी होतात. एवढी थाप मारल्यावर शेवटच्या पानांवर लेखिका स्वतःच सांगते, यातलं काय खरं आणि काय उगाच. आपल्याकडे विज्ञानाच्या पुस्तकात बोलणारा रोबो येतो, 'मित्रांनो' म्हणतो आणि पाठ्यपुस्तकच वाचून दाखवतो.

आता अभिप्राय. 'मुलांना नक्की आवडेल' असं लिहू नका, तिथे मुलं नव्हती. दहापैकी तीन चांगली निघाली तर त्या तिन्हींचीच नावं लिहा. विक्रेता म्हणेल, 'साहेब, संच फोडता येत नाही.' फोडता येतो. सवलत जाईल, तक्ता जाईल. तरी तीनच मागा.