शुगरगुरुजी

सकाळी साखरखेर्ड्यात कुणी भेटले तर ते "काय, पाऊसपाणी?" म्हणेल. शुगरगुरुजी म्हणतात, "उपाशीपोटी किती?" ज्याला आपला आकडा सांगता येत नाही त्याला ते तिथल्या तिथे गृहपाठ देतात.

जिल्हा परिषदेच्या शाळेतून गुरुजी निवृत्त झाले तेव्हा पेन्शन आणि शुगर एकाच महिन्यात सुरू झाली. दोन्ही तहहयात. पैकी पेन्शनकडे मुलगा बघतो, शुगरकडे स्वतः गुरुजी. हजेरी घ्यायची सवय हातात होतीच. पहाटेचे फिरणे आटोपून सात-आठ म्हातारे पारावर टेकले की शंभर पानी वही उघडते.

"142."

"बरं."

"190."

"काल कुठं जेवलात?"

"घरीच की."

"खोटं. काल तुमच्या साडूच्या नातीचं बारसं होतं. जिलब्या किती?"

"दोन."

वहीत चार लिहिल्या जातात. दोन सांगणारा चार खातो, हा त्यांच्या अध्यापनाच्या अनुभवातून निघालेला सिद्धान्त आहे.

ते इतिहास शिकवायचे, म्हणून शुगरलाही इतिहास जोडून दिला आहे. 1724 साली या गावाजवळ निजाम-उल-मुल्कने मुबारिझखानाला हरवले, हैदराबादच्या राज्याचा पाया पक्का केला आणि विजयाची खूण म्हणून गावाचे नाव फतेहखेर्डा ठेवले. लोकांनी ते चालू दिले नाही. "या गावातून साखर काढणं निजामालाही जमलं नाही," गुरुजी म्हणतात, "म्हणून आपल्यावर आलंय." 14 नोव्हेंबरला तर त्यांना आवरणे कठीण जाते. नोकरीभर त्या दिवशी नेहरूंवर भाषण केलेले. निवृत्तीनंतर कळले की इन्सुलिनवाल्या बँटिंगचाही वाढदिवस तोच आणि जागतिक मधुमेह दिनही तोच. दोन्ही जयंत्यांची पाठांतरे एकमेकांत मिसळली आणि शाळेच्या कार्यक्रमात ते बोलून गेले की, पंडितजींनी 1921 साली टोरांटोत इन्सुलिन शोधले. पोरांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनीही वाजवल्या.

पारावरचे एक आबा हाडकुळे आहेत. "जाड्यांचा रोग हा, मला कुठून चिकटला?" ही त्यांची तक्रार. गुरुजींनी मोबाइलवर एक जुना फोटो काढून दाखवला. 2004 साली लॅन्सेटमध्ये छापून आलेला: पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच, बीएमआय 22.3. पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या पुणेकराची 21.2. "आपण सगळे असेच, आबा. बाहेरून हाडं, आत लोणी." आबांना पटले, पण त्या दिवसापासून ते स्वतःला लॅन्सेटमधला माणूस समजतात.

पाय तपासणे हा हजेरीनंतरचा तास. शुगरने तळव्याची जाणीव कमी होते, बाभळीचा काटा मोडून आत राहिला तरी कळत नाही, आणि दुर्लक्ष झाले तर पाय गमावण्यापर्यंत पाळी येते. म्हणून सगळे चपला काढून आपापला तळवा शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवतात. परगावच्या एका पाहुण्याला वाटले, इथे पायावरून भविष्य सांगतात. त्यानेही बूट काढला.

विवेकानंद जयंतीला हिवरा आश्रमात महापंगत बसते. ट्रॅक्टर भरून पुऱ्या आणि वांग्याची भाजी शेतातल्या रांगांमधून फिरते. गुरुजींचे मंडळ तिथे मुद्दाम एका ओळीत बसते, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचे ताट दिसावे. तिसऱ्या पुरीला खोकायचे, हा ठरलेला इशारा. त्या ओळीतून इतका खोकला येतो की वाढपी लांबूनच वाढून पुढे सरकतात.

आहाराच्या बाबतीत मात्र गुरुजी पंथ बदलत आले. आधी दर दोन तासांनी खा म्हणायचे. मग दीक्षित पॅटर्न आला. दिवसातून दोनदाच जेवायचे, तेही पंचावन्न मिनिटांत. डॉ. जगन्नाथ दीक्षित हे विदर्भाच्या डॉ. श्रीकांत जिचकारांचे नाव घेतात, एवढे कळताच गुरुजींनी प्रांताभिमानाने अख्ख्या पाराला दीक्षा दिली. आठवड्याच्या आत एक अण्णा पारावर बसल्या बसल्या घामाने भिजले, हात थरथरू लागले, भलतेच बरळू लागले. सकाळची ग्लिमेपिराइडची गोळी घेतली होती आणि न्याहारी दीक्षितांना अर्पण केली होती.

त्या वेळी गुरुजींनी जे केले त्यासाठी त्यांचे सारे बोलणे माफ करावे. बोट टोचले: 54. साखरेच्या या जन्मजात वैऱ्याने सदऱ्याच्या आतल्या खिशातून साखरेची पुडी काढली, तीन चमचे पाण्यात कालवून अण्णांना हळूहळू पाजली, पंधरा मिनिटे घड्याळ धरून बसले, पुन्हा टोचले. आकडा वर आला तेव्हा त्यांना अर्धी भाकरी खाऊ घातली आणि स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे बोलणी बसली ती गुरुजींना. गोळ्या चालू असताना डॉक्टरला न विचारता उपास करायला कुणी सांगितलं? गुरुजी मान खाली घालून उभे राहिले. वहीच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत लिहिले आहे: गोळी, सुई, उपास, तिन्ही डॉक्टरांना विचारून.

माझे मत विचाराल तर हा मनुष्य डॉक्टर म्हणून धोक्याचा आणि सोबती म्हणून फार मोलाचा. डॉक्टर महिन्यातून एकदा पाच मिनिटे भेटणार. जिलब्या रोज भेटतात. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशातले मधुमेही 10 कोटी 10 लाख निघाले. एवढ्यांच्या ताटांवर नजर ठेवायला डॉक्टर पुरायचे नाहीत, खोकणारे शेजारीच लागतील.

गुरुजींच्या वहीत एक खोट होती, ती त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी दाखवली. म्हणजे त्या काही बोलल्या नाहीत. आरोग्य केंद्राच्या नर्सबाई घरोघरी तपासणीला आल्या, गुरुजींनी सवयीने बोट पुढे केले. "तुमचं माहीत आहे, काकूंचं द्या," बाई म्हणाल्या. काकू पीठ झटकत बाहेर आल्या. 268. गुरुजींचा आजवरचा विक्रम 231 चा. इतकी वर्षे त्यांच्यासाठी पथ्याचे रांधून उरलासुरला शिरा काकूच संपवत होत्या, आणि पार हा बाप्यांचा, तिथे बाईमाणसाची हजेरी घेतो कोण?

आता वही घरी ओट्यावर असते आणि दुपारी गल्लीतल्या सहा आज्या तिथे जमतात. तिशी ओलांडलेल्या कुणाचीही शुगर सरकारी आरोग्य केंद्रात फुकट तपासतात. तुम्ही स्वतःची तपासायला जाल तेव्हा घरातल्या बाईलाही सोबत न्या.