हवेचे भाडे

अमेरिकेत ट्रकने पार्ट लोड जाणाऱ्या मालाचे १८ वर्ग आहेत. पहिला ५०, शेवटचा ५००. आकडा जितका मोठा, तितका माल नकोसा आणि भाडे चढे. ५०० चे पाठ्यपुस्तकी उदाहरण म्हणजे टेबल टेनिसचे चेंडू. आपल्याकडे खाद्यगाडीचा वर्ग पालिकेचे अतिक्रमण पथक ठरवते. तिथे हे काम नॅशनल मोटर फ्रेट ट्रॅफिक असोसिएशनची संहिता करते.

घनता, हाताळणी, इतर मालासोबत रचण्याची सोय आणि नुकसानीची जबाबदारी हे तिचे चार निकष. १९ जुलै २०२५ पासून बऱ्याच मालाला १३ पायऱ्यांची घनतेची शिडी लागू झाली, म्हणजे टेप आणि वजनकाटा यांचे राज्य आले. समजा, हॉटडॉग विकायची ३०० पौंडी गाडी पाठवायची आहे. ती पॅलेटसकट ७२ इंच लांब, ४० रुंद आणि ६० उंच भरली, तर ती १०० घनफूट जागा अडवते. घनता घनफुटाला ३ पौंड, या शिडीवर वर्ग २५०. छत्रीचा दांडा उतरवून उंची ४० इंचांवर आणली की तीच गाडी साडेचार पौंडांवर जाते आणि वर्ग १७५ होतो. पोलाद तेवढेच, सॉसेजही तेवढीच. फरक फक्त सोबत प्रवास करणाऱ्या हवेचा. हवेला तिकीट माफ नाही. मापे अंदाजाने लिहिणाऱ्यांसाठी वाहतूकदाराच्या गोदामात लेझरचे यंत्र असते. ते भिडस्त नसते, आणि सुधारित बिलात फेरमोजणीचा आकारही जोडला जातो.

गाडीचे सर्वांत उपयोगी अंग म्हणजे चाके, आणि प्रवासात तीच वैरी. नुसता ब्रेक लावून भागत नाही. चाके काढून किंवा गाडी ठोकळ्यांवर उचलून तिला पॅलेटला पट्ट्यांनी जखडावे लागते. पॅलेटबाहेर डोकावणारा कोपरा फोर्कलिफ्ट पहिल्यांदा शोधते. काच वेगळी बांधायची, स्टेनलेस पत्र्यावर फोम घालायचा, वर लाकडी क्रेट. प्रोपेनची टाकी मात्र गाडीसोबत पाठवायची नाही. मालक जिला रिकामी म्हणतो तिच्यात वायू उरलेला असतो, आणि कायद्याच्या लेखी ती धोकादायक मालच असते.

माल पोहोचला की चालक घाईत असतो आणि पावती पुढे करतो. पोचा दिसत असेल तर तो सहीआधी पावतीवर लिहायचा. ‘तपासणीच्या अधीन’ हे भारदस्त शब्द दाव्यात फारसे उपयोगी पडत नाहीत. क्रेटच्या आत दडलेले नुकसान पाच कामकाजी दिवसांत कळवावे लागते. त्यातला पहिला दिवस क्रेट उघडायला पहार शोधण्यात जातो.