दीर्घ विराम, फलाट क्रमांक चार

माझ्या नाटकात एकूण ४१ दीर्घ विराम आहेत आणि त्या संध्याकाळी ते सगळेच्या सगळे मोठ्यानं वाचले गेले.

पात्र म्हणे, "आई, पाणी अंगणात आलं." लगेच डावीकडच्या खुर्चीतून नाना खणखणीत आवाजात म्हणत, "दीर्घ विराम." आणि त्यातला 'म' संपायच्या आत दुसरं पात्र पुढच्या वाक्याला हात घाली. विराम जाहीर झाला म्हणजे घेतलाच गेला, असं वाचणाऱ्या सगळ्यांनी प्रामाणिकपणे धरून चाललं होतं. सरकारी योजनेसारखं.

नाना एसटीत कंट्रोलर होते. उभी हयात माइकसमोर गेलेली. त्यामुळे रंगसूचना वाचायला त्यांच्याइतका स्पष्ट आवाज गावात दुसरा नव्हता, असा माझा हिशेब. हिशेब बरोबरच होता, फक्त आवाजाला सवय लागलेली असते हे मी विसरलो. "काकू खिडकीशी जातात. बाहेर अंधार. दूरवरून बोट येत असल्याचा आवाज," हे नानांनी अशा काही ठेक्यात वाचलं, की मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी दचकून पायाजवळची पिशवी उचलली. बोट फलाट क्रमांक चारवर लागणार, एवढंच म्हणायचं बाकी होतं.

सांगलीत नाटक लिहिणं म्हणजे पंढरपुरात अभंग लिहिण्यासारखं आहे. कुणी अडवत नाही, पण जागा आधीच भरलेल्या असतात. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथं केलं, देवल पलीकडच्या हरिपूरचे, खाडिलकर इथंच जन्मलेले. त्यामुळे या गावात बाराशे रुपयांची डायरी विकत घेणाऱ्या प्रत्येकाला आपल्या हाडात नाटक आहे असं वाटतं. मलाही वाटलं. बँकेत बत्तीस वर्षं मी कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले. ते शेरे तेवढे नाट्यपूर्ण होते, असं सहकारी म्हणत. आता सहकाऱ्यांचं किती मनावर घ्यायचं याला मर्यादा असते, ती मी पाळली नाही.

त्यात भाव्यांचं एक बरं होतं. त्यांच्या नाटकात पदं लिहिलेली असत, गद्य भाषणं नटमंडळी आपापल्या हिमतीवर रंगमंचावरच जुळवत. म्हणजे मराठी नाटकाच्या जन्माच्या वेळी वाचून दाखवण्यासारखी आजच्यासारखी पुरती संहिताच नव्हती! मग चर्चाही नसणार, आणि "दुसरा अंक थोडा आवळा" असं सांगणारे गृहस्थही नसणार. भाव्यांना एक राजा होता. मला वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल होता. पंखा चालू केला की कागद उडत आणि बंद केला की प्रेक्षक.

मी तीन आठवडे तयारी केली. नाटकाची नव्हे, माझी. वाचन संपल्यावर टाळ्या वाजतील तेव्हा चेहरा कसा ठेवायचा, याचा आरशात सराव केला. अगदी हसायचं नाही, अगदी गंभीरही व्हायचं नाही. 'हे माझ्या हातून झालं खरं, पण मीही तुमच्यासारखाच चकित आहे,' असा काहीसा भाव. त्यासाठी चष्मा काढून हातात धरायचा. बायको म्हणाली, "अहो, चष्मा काढू नका, पायरी दिसणार नाही." नाटकातली बायको तिनंच वाचावी अशी माझी इच्छा होती. तिनं हस्तलिखिताची पंधरा पानं वाचून ते परत दिलं. म्हणाली, "ही फार सोसते. मला जमायचं नाही."

शिवाय एका प्रश्नाचं उत्तर तयार होतं. "हे नाटक तुम्हाला कसं सुचलं?" हा प्रश्न येणारच. उत्तराची सुरुवात मी "खरं सांगायचं तर..." अशी केली होती आणि मध्ये एक दीर्घ विराम होता.

आता या दीर्घ विरामाबद्दल थोडं बोललं पाहिजे, कारण माझ्या लेखनात तेवढं एकच सातत्य आहे.

पात्रानं पुढं काय बोलावं हे सुचेना, की मी 'विराम' लिहितो. अजिबातच सुचेना, की 'दीर्घ विराम'. आणि प्रसंग का लिहायला घेतला हेच आठवेना, की 'अस्वस्थ शांतता'. लेखकाची अडचण पात्राच्या खोलीत रूपांतरित करण्याचा याहून स्वस्त मार्ग रंगभूमीला सापडलेला नाही. संगीत नाटकवाल्यांना हे लागत नव्हतं. तिथं काही सुचेनासं झालं की पद, आणि पद रंगलं की वन्स मोअर. आमची पिढी गाता न येणारी, म्हणून गप्प बसून खोल झाली.

पण गप्प बसणं सोपं नाही. कॉलनीच्या गणपतीत एकदा मी नट म्हणून विराम घेतला होता. प्रसंग मुलाच्या पत्राचा. पत्र वाचायचं, शून्यात बघायचं, आणि मग "गेला!" म्हणायचं. मी शून्यात बघितलं. विंगेतल्या प्रॉम्प्टरला वाटलं, हा विसरला. तो म्हणाला, "गेला." मी बघतच राहिलो, कारण विराम माझ्या मते दीर्घ होता. तो जरा मोठ्यानं म्हणाला, "गेला!" मग पुढच्या रांगेतली पोरं म्हणाली, "गेलाऽ!" मग सगळा मांडव. मुलगा इतका एकमतानं त्याआधी किंवा नंतर कधी गेला नसेल. मी ते वाक्य म्हटलंच नाही, आणि बक्षीस प्रॉम्प्टरला मिळालं.

तरी विरामावरची श्रद्धा गेली नाही, कारण आयुष्यात ते मी पाहिले होते. बँकेत अर्जदाराला "जामीनदार कोण?" असं विचारल्यावर जो पसरतो, तो साधा विराम. "मेहुणे आहेत" असं तो म्हणतो आणि शेजारी बसलेले मेहुणे छताकडं बघू लागतात, तो दीर्घ विराम. घरी "भाजी कशी झालीय?" या प्रश्नानंतर जेवढा घेतला की मरण ओढवतं, तो छोटा विराम. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात पोह्यांच्या बश्या रिकाम्या झाल्यावर आणि चहा यायच्या आधीचा एक असतो, त्याला नाव नाही, पण त्यात दोन्ही घरची माणसं पंख्याची कंपनी वाचतात. या प्रत्येकाची लांबी वेगळी, वजन वेगळं. कागदावर मात्र सगळ्यांना एकच शब्द. आणि तो नानांच्या तोंडी पडला की फलाट क्रमांक चार.

असो. वाचन.

अभिवाचन म्हणजे मानेच्या वरचा अभिनय. मानेखाली कागद असतो. माझी एकोणीस वर्षांची नायिका निवृत्त मराठीच्या बाईंनी वाचली. फार मन लावून वाचली. फक्त प्रेमाच्या ऐन प्रसंगात त्या थांबल्या आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "इथं 'ती' दीर्घ हवी." नायक औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. त्याचा फोन दोनदा वाजला, पैकी एकदा तो "हो डॉक्टर, आणून देतो" म्हणाला, आणि ते वाक्य नाटकातलंच आहे असं समजून कुणी तरी टाळी दिली. झेरॉक्समध्ये पान ३७ राहून गेलं होतं. त्यामुळे सासूबाई छतावर जाण्याऐवजी थेट दुसऱ्या दिवशी गेल्या. ते माझ्याशिवाय कुणालाही कळलं नाही. ही गोष्ट मी अजून पचवू शकलेलो नाही.

मग चहा, भडंग आणि चर्चा. सांगलीत भडंगाशिवाय चर्चा होत नाही आणि भडंग तोंडात असताना चर्चा ऐकू येत नाही, असं हे परस्परांना सांभाळून घेणं आहे.

पहिले गृहस्थ उठले, म्हणाले, "प्रश्न नाही, मत आहे." त्यांचं मत आयर्विन पुलाबद्दल होतं. नाटक २०१९ च्या महापुरावरचं. पण त्या पुलापाशी मी पाण्याची पातळी ५५ फूट लिहिली होती आणि ती ५७ च्या वर गेली होती. "४५ ला धोका पातळी. तुम्ही ५५ ला बोट आणताय. तेव्हा बोट कुठं बांधली होती, आम्हाला माहीत आहे की!" यावर दुसरे म्हणाले, २००५ ला पाणी त्यांच्या तिसऱ्या पायरीला होतं. तिसरे म्हणाले, पायऱ्याच मुळात दोन होत्या. पुढची वीस मिनिटं सभागृहात पाणी चढत राहिलं. "कसं सुचलं?" असं कुणीही विचारलं नाही.

मग एका नाट्यसंस्थेतला ओळखीचा तरुण जवळ आला. म्हणाला, "सर, भारी आहे. पण राज्य नाट्य स्पर्धेला पात्रं फार होतील. चारात बसवा की. आणि पाणी दाखवू नका, खर्च येतो." पुरावरच्या नाटकात पाणी नको! मी हसलो. आरशातलंच हसू. पण आतून खरंच चिडलो, आणि ती चीड अजून गेलेली नाही. या गावात, आणि सांगलीच कशाला, नाटकाचं वेड सांगणाऱ्या कुठल्याही गावात, मेलेल्या नाटककारांचे पुतळे होतात आणि जिवंतांची वाचनं होतात. वाचनाला नेपथ्य लागत नाही, तालमीला जागा लागत नाही, कुणाच्या रजा पडत नाहीत. म्हणून सगळे "वाचन छान झालं" म्हणतात. 'नाटक' हा शब्द त्या वाक्यात येत नाही. हा असा साखरपुडा आहे, की ज्याच्या पेढ्यांवरच लग्न उरकतं. खाडिलकरांच्या 'कीचकवधा'वर इंग्रजांनी बंदी घातली. आमच्या नाटकांवर बंदी घालायची तर आधी त्यांचा प्रयोग व्हायला हवा.

मी हे सगळं मनात बोलत असताना शेवटून दुसऱ्या खुर्चीवरच्या मावशी उठल्या. सांगलीवाडीच्या. कुणाबरोबर तरी आल्या होत्या.

माझ्या नाटकात काकू बोटीत चढण्याआधी वास्तूला उद्देशून दीड पान बोलतात. त्यात तुळशीवृंदावन आहे, सासऱ्यांच्या झोपाळ्याची कडी आहे आणि सहा दीर्घ विराम आहेत. हे दीड पान मी विश्रामबागेत आमच्या तिसऱ्या मजल्यावर बसून लिहिलं होतं. महापुरात आमच्या घरात पाणी आलं नाही. फक्त नळाला आलं नाही.

मावशी म्हणाल्या, "बोटीत चढताना माणूस एवढं बोलत नाही हो."

कुणी तरी हसलं.

"मी काहीच बोलले नाही. दाराला कुलूप घातलं. नीट ओढून बघितलं. किल्ली कमरेला खोचली. बोट कोपऱ्यावर गेली तेव्हा मागं बघितलं तर कुलूपच दिसेना, पाण्यात गेलं होतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "पाणी काय कुलूप उघडून येणार होतं? पण घातलं."

आणि बसल्या.

कुणी बोललं नाही. भडंगाचं चावणंसुद्धा थांबलं. आयर्विनवाले गृहस्थ हातातल्या द्रोणाकडं बघत राहिले. मी सवयीनं मनात मोजत होतो, अकरापर्यंत आलो. एकदा नानांकडं बघितलं. त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

त्या शांततेत माझ्या मनात पहिला विचार काय आला, ते सांगायची लाज वाटते: 'हे घेता येईल.' दुसरा विचार त्या पहिल्याची लाज वाटल्याचा. तो यायला मात्र वेळ लागला, म्हणून तो खरा असावा. जिन्यात मावशींना गाठलं आणि चाचरत विचारलं, किल्लीचं नाटकात घातलं तर चालेल का.

"घ्या की," मावशी म्हणाल्या, "पण ते वास्तूबिस्तू काढा."

काढलं. दीड पान गेलं, तुळशीवृंदावन गेलं, सहाच्या सहा विराम गेले. आता तिथं तीन ओळी आहेत. काकू कुलूप लावतात. ओढून बघतात. किल्ली कमरेला खोचून बोटीत चढतात.

पुढच्या महिन्यात मिरजेत पुन्हा वाचन आहे. वाचनच. नाना परवा नवी प्रत घेऊन बसले होते, हातात पेन्सिल. त्या ओळींवर आले आणि अडले.

"साहेब, इथं दीर्घ विराम राहिला वाटतं."

"राहिला नाही. लिहिला नाही."

"मग मी काय म्हणू?"

"काही म्हणू नका, नाना. गप्प बसा."

नानांनी बराच वेळ विचार केला. हयातभरात त्यांच्यावर असली जबाबदारी आली नव्हती. मग त्यांनी समासात बारीक अक्षरात लिहून घेतलं: 'इथे नाना गप्प बसतात.'

तेही ते मोठ्यानं वाचतील, अशी मला धास्ती आहे.