खाड्याची वकिली

मराठी घरात खाडा हा गुन्हा आहे. जामीनपात्र, पण गुन्हाच. दूधवाल्याचा खाडा, कामवाल्या मावशींचा खाडा, पेपरवाल्याचा खाडा, सगळ्यांची नोंद कॅलेंडरच्या चौकोनात होते आणि महिनाअखेरीला तिचा पैशात निकाल लागतो. अलीकडे मात्र एक असा वर्ग तयार झाला आहे, जो दूधवाल्याला चार खाडे सहज माफ करतो आणि स्वतःला एकही करत नाही. हा वर्ग पहाटे पाचला टेकडीवर असतो, संध्याकाळी जिममध्ये आणि रविवारी सिंहगडाच्या पायथ्याशी. अंगात ताप असला तर ‘घामाने उतरेल’ म्हणून पळतो. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात गुरुजी अंतरपाट शोधत असतात तेवढ्यात कार्यालयाला चार फेऱ्या मारून येतो. लोक त्याला फिट म्हणतात आणि त्याच्याकडे बघत आपापल्या पोटावरून अपराधी हात फिरवतात. माझं म्हणणं असं की, ज्याला व्यायामाचा खाडा करता येत नाही, त्याचा व्यायाम तब्येतीच्या खात्यात जमा धरू नये. माणूस व्यायाम किती करतो हा नंतरचा प्रश्न झाला. एक दिवस नाही केला तर त्याचं आणि घरच्यांचं काय होतं, हे आधी विचारावं.

या माणसाला जवळून पाहायचं तर रात्री पावणेबाराची वेळ बरी. घर झोपलेलं असतं, मनगटावरचा आकडा ९,६४० वर अडलेला असतो आणि तारीख बदलायला पंधरा मिनिटं उरलेली असतात. गृहस्थ फ्रीजपासून बाल्कनीच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत असतात. दिवा लावला तर पोरं उठतील, म्हणून अंधारात. त्यामुळे टीपॉयचा कोपरा अधूनमधून नडगीला लागतो, पण कळवळायला थांबणं परवडत नाही. ‘अहो, झालं का?’ असा आतून आवाज येतो, त्याला उत्तर दिलं तर दम जातो. शेवटी मनगट थरथरतं, काचेवर इवलीशी आतषबाजी होते आणि कर्ता पुरुष कृतार्थ होऊन आडवा होतो. हे दहा हजार पावलांचं गणित एखाद्या वैद्यकीय परिषदेत जन्मलं असेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये चालण्याची लाट आली आणि १९६५ मध्ये यामासा नावाच्या कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला काढलं. दहा हजार पावलं त्या यंत्राच्या नावातच होती. आकडा गोल, लक्षात राहणारा, दुकानात शोभणारा. पुढे २०१९ मध्ये आय-मिन ली आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे सतरा हजार वयस्कर स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी निघालं आणि ७,५०० च्या आसपास फायद्याची रेघ सपाट झाली. त्यांचं सरासरी वय ७२ होतं, त्यामुळे हाच आकडा पंचविशीतल्या पोराला लावू नये हे मान्य. पण फ्रीज आणि बाल्कनी यांच्यामधल्या त्या शेवटच्या ३६० पावलांनी आयुष्य वाढत असेल, असं मानायला फारसा आधार नाही. नडगीचं मात्र निश्चित नुकसान होतं.

सवय कुठे संपते आणि चटक कुठे लागते, याचा सगळ्यात बोलका पुरावा एका फसलेल्या भरतीत सापडतो. फ्रेडरिक बेकलँड या डॉक्टरांना व्यायाम बंद केल्यावर झोपेचं काय होतं ते तपासायचं होतं. त्यासाठी आठवड्यातून पाच-सहा दिवस व्यायाम करणारी माणसं हवी होती आणि त्यांनी महिनाभर तो सोडायचा होता. त्यांनी पैसे देऊ केले, तरी माणसं मिळेनात. शेवटी तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावं लागलं आणि तेही महिनाभर झोप नीट नाही, जीव अस्वस्थ होतो, अशा तक्रारी करत राहिले. १९७० मध्ये हा अभ्यास छापून आला. काही न करण्याचे पैसे मिळत असताना ते नाकारणारी माणसं एरवी कुठल्या खात्यात सापडतील? पुढे १९७६ मध्ये विल्यम ग्लासर या मानसोपचारतज्ज्ञाने पळण्याला ‘चांगलं व्यसन’ म्हणून गौरवलं. तीनच वर्षांत विल्यम मॉर्गन यांनी त्याची दुसरी बाजू मांडली: दुखापत असताना पळणारे, नोकरी आणि संसार बाजूला सारून पळणारे, थांबवलं की चिडचिडणारे. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१३ च्या निदानग्रंथात जुगाराला व्यसनांच्या पंक्तीत पाट मिळाला, व्यायामाला मिळाला नाही. त्यावर ‘बघा, हा आजारच नाही’ म्हणून पेढे वाटणारे तेव्हाही होते.

मोजमापावरून निदान करायला गेलं तर फसगत होते. मुंबईचा डबेवाला दिवसभर डोक्यावर वजन, हातात सायकल आणि पायाखाली रेल्वेचे जिने घेऊन जेवढी मेहनत करतो, तेवढी जिममधल्या कुठल्याही वाघाला झेपणार नाही. पण रविवार आला की तो बसतो आणि गावची जत्रा आली की सगळे मिळून सुट्टी घेतात. कष्ट अफाट, चटक शून्य. उलट कोणी रोज जेमतेम चाळीस मिनिटं पळत असेल, पण ती चुकली की दिवसभर बायकापोरांवर खेकसत असेल, घोटा सुजलेला असताना ‘डॉक्टरांना काय कळतंय’ म्हणून बूट चढवत असेल, तर किलोमीटर कमी असूनही मामला गंभीर आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, तो मोठ्या खेळाडूंच्या नावाने. ते रोज सहा-सहा तास घाम गाळतात, त्यांना कोणी वेडं म्हणत नाही, मग आम्हालाच का? कारण त्यांच्या वेळापत्रकात विश्रांती ही व्यायामाइतकीच ठळक लिहिलेली असते. मॅरेथॉनच्या आधीचे दोन-तीन आठवडे धावपटू मुद्दाम कमी पळतात; त्याला टेपर म्हणतात आणि हौशी मंडळींना सगळ्यात जड तेच जातं. व्यायामाने स्नायूला बारीक इजा होते, तो भरून येतो आणि भरताना थोडा दणकट होतो. हे भरून येण्याचं काम झोपेत आणि आरामात चालतं. त्याला उसंतच दिली नाही, तर वाढतो तो फक्त फिजिओथेरपिस्टचा बंगला. एकदम अचाट श्रम केले तर स्नायू विरघळून लघवी काळ्या चहासारखी होते, मूत्रपिंडं धोक्यात येतात आणि मग रेस्ट डे रुग्णालयात घ्यावा लागतो. कोल्हापूरच्या तालमीत पोराने किती जोर मारायचे आणि किती बैठका, हे पोरगं ठरवत नाही, वस्ताद ठरवतो. ‘बास कर आता, अंग चोळून घे,’ हे वाक्य वस्तादाकडे असतं. घड्याळाकडे ते नव्हतं. त्याला फक्त ‘अजून थोडं’ एवढंच बोलता यायचं.

रॉन हिल यांचं उदाहरण टाळून ही वकिली करणं अप्रामाणिकपणाचं होईल, कारण ते माझ्या अशिलाच्या विरोधातले सगळ्यात वजनदार साक्षीदार आहेत. या ब्रिटिश धावपटूने डिसेंबर १९६४ पासून जानेवारी २०१७ पर्यंत, म्हणजे बावन्न वर्षांहून अधिक काळ, एकही खाडा केला नाही. रोज किमान एक मैल, हा नियम. मधल्या काळात १९७० ची बॉस्टन मॅरेथॉन जिंकली, वस्त्ररसायनशास्त्रात डॉक्टरेट तर त्यांच्याकडे होतीच. म्हणजे खाडा न करता माणूस अजिंक्य होऊ शकतो की! होऊ शकतो; पण कुठल्या मैलांनी? बॉस्टन जिंकलं ते ताज्या पायांनी घेतलेल्या सरावाने. अंगठ्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय प्लास्टरमध्ये असताना काठ्या टेकत त्यांनी जो रोजचा मैल उरकला, त्याने ना वेग वाढला ना दम. त्याने वाढली ती फक्त मालिका. शेवटी अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पळता पळता छातीत दुखू लागलं आणि ते थांबले. एवढ्या मोठ्या माणसाला थांबायला हृदयाकडून लेखी नोटीस लागावी, याचं कौतुक करावं की काळजी, हे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत काळजीच्या बाजूने पडतं.

दुसरा आक्षेप जास्त जबाबदार आहे. अहो, देशात २०२३ च्या आकडेवारीनुसार दहा कोटींवर मधुमेही आहेत, निम्म्याच्या आसपास प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, आणि तुम्ही खाड्याची वकिली घेऊन उभे राहता? लोक सोफ्यावरून उठेनात, आणि तुम्ही उठलेल्यांना बसवता? आक्षेप रास्त आहे, पण सोफ्यावरचा आणि टेकडीवरचा हे दोघे एकाच कायद्याचे बळी आहेत: करायचं तर रोज, नाहीतर नाहीच. १ जानेवारीला जिमची वर्षाची फी भरणारा माणूस मकरसंक्रांतीपर्यंत एकही दिवस चुकवत नाही. मग कोणाचं तरी हळदीकुंकू, पाहुण्यांना स्टेशनवर सोडणं, असं काहीतरी येतं आणि एक दिवस बुडतो. बुडाला म्हणजे मालिका मोडली, मालिका मोडली म्हणजे सगळंच मुसळ केरात, असं म्हणून तो डिसेंबरपर्यंत सोफ्यावर परततो. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९६ जणांना नवी सवय लावून पाहिली. सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, आणि त्यात एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. दूधवाल्याने एक दिवस खाडा केला म्हणून आपण म्हैस विकत घेत नाही. दुसऱ्या दिवशी पातेलं पुढे करतोच. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारससुद्धा आठवड्याची आहे: मध्यम श्रमाची १५० ते ३०० मिनिटं, शिवाय दोन दिवस स्नायूंचा व्यायाम. रोज अर्धा तास चाललं तर पाच दिवसांत किमान हिशोब पुरा होतो. राहिलेले दोन दिवस हळदीकुंकवाला मोकळे.

तिसरा आक्षेप आपल्या मातीतला: नेम म्हणजे नेम, तो चुकवायचा नसतो. पण नेमाची माहिती वारकऱ्याइतकी कोणाला असणार? माउलींची पालखी आळंदीहून निघते, पुण्यात दोन रात्री मुक्काम करते, मग दिवेघाट चढून सासवडला पोचते. हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा. आणि सासवडला मुक्काम किती? पुन्हा दोन रात्री. त्यामागे सोपानकाकांच्या समाधीचं स्थान आहे हे खरंच, पण घाट चढून आलेल्या लाखो पायांना मधला दिवस मिळतो हेही तितकंच खरं. टाळ वाजतात, कोणी तळपायाला तेल चोळतं, आणि आज पावलं किती झाली हे कोणी विचारत नाही. एकादशीच्या उपासालासुद्धा द्वादशीचं पारणं जोडलेलं आहे. नेम करणाऱ्यांनीच सुट्टीची सोय करून ठेवली आहे. ती आपण घड्याळ बांधताना वगळली.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नाही. बऱ्याच जणांचा व्यायाम ताटाच्या दंडापोटी चाललेला असतो. पुरणपोळी खाल्ली, म्हणजे सात किलोमीटर. दिवाळीचा फराळ झाला, म्हणजे देवदिवाळीपर्यंत सक्तमजुरी. शरीर इतकं सरळ खतावणी ठेवत नाही. टांझानियातल्या हाडझा या शिकारी-संकलक लोकांवरचं हर्मन पाँट्झर यांचं २०१२ मधलं संशोधन सांगतं की, दिवसभर पायपीट करणारे हे लोक, देहाचा आकार जमेस धरला तर, शहरी अमेरिकी माणसाएवढीच ऊर्जा खर्चतात. पण हिशोब चुकतो यापेक्षा हिशोबच जीव खातो, हे वाईट. खाण्याच्या आजारांमध्ये सक्तीचा व्यायाम वारंवार दिसतो, विशेषतः तरुण मुलींमध्ये: पाळी थांबते, हाडं ठिसूळ होऊन बारीक तडे जातात, आणि घरचे मात्र ‘किती शिस्तीची आहे’ म्हणून शेजारी सांगत असतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये अशा ऊर्जेच्या तुटवड्याला स्वतंत्र नाव दिलं आणि तो पुरुषांनाही होतो हेही सांगितलं. अशा वेळी लेख वाचून भागत नाही. डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ, तिघेही लागतात, आणि बरं होण्यात कित्येक महिने जातात.

शेवटचा आक्षेप असा की, ही वकिली आता कालबाह्य झाली, कारण यंत्रंच शहाणी झाली आहेत. हेही काहीसं खरं आहे. अ‍ॅपलचं घड्याळ २०१५ मध्ये आलं आणि त्यातल्या रंगीत कड्या रोजच्या रोज पुऱ्या करायच्या, आजारी असा की प्रवासात, असा नऊ वर्षं शिरस्ता होता. २०२४ मध्ये कंपनीने मालिका न मोडता कड्या थांबवून ठेवायची सोय दिली. वस्तादाचं ‘बास’ शिकायला यंत्राला नऊ वर्षं लागली, तरी शिकलं. आता नवी घड्याळं झोप, विश्रांती, नाडी सगळं मोजून सकाळी सांगतात की आज आराम करा. पण झोपेचे मार्क बघून बघून झोप उडालेल्या लोकांना २०१७ मध्येच अमेरिकेतल्या संशोधकांनी ‘ऑर्थोसोम्निया’ हे नाव देऊन ठेवलं आहे, आणि पळणाऱ्यांच्या ग्रुपवर हल्ली किलोमीटरच्या जोडीला ‘रिकव्हरी ९४’ असेही आकडे पडतात. ज्याला ८८ मिळाले आहेत, तो दुपारी खोलीचे पडदे ओढून, फोन बंद करून, दात-ओठ खात आराम करतो.