फ्रीजतज्ज्ञ (घरगुती)

घरगुती फ्रीजतज्ज्ञ हा पन्नाशी उलटलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थांमध्ये आढळणारा प्रकार आहे. ठाणे, डोंबिवली, पुणे, नाशिक अशा सोसायट्यांच्या शहरांत तो बारमाही असतो. मुंबईत आणि कोकणपट्टीत मात्र पावसाळ्यात त्याला विशेष बहर येतो, कारण फ्रीजचे दार उघडले की दमट हवा आत शिरते आणि त्याच्यासाठी काम तयार करते. व्यवसायाने तो बँकेत, विमा कंपनीत किंवा जिल्हा परिषदेत असतो अथवा होता. फ्रीजच्या शास्त्राशी त्याचा कोणत्याही टप्प्यावर संबंध आलेला नसतो, आणि ही उणीव त्याला कधी जाणवलेलीही नसते.

त्याची जडणघडण एकदारी फ्रीजवर झाली. गोदरेजने १९५८ मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली, पण मध्यमवर्गीय घरात तो सर्रास दिसू लागायला बराच काळ जावा लागला. आला तेव्हाही तो पुष्कळदा बाहेरच्या खोलीत बसला, आल्यागेल्याला दिसेल असा. त्या फ्रीजमध्ये बर्फ उघड्यावर साचे. फ्रीझरचे झाकण लागेनासे झाले की थर्मोस्टॅटच्या मधले बटण दाबायचे, खालच्या ट्रेमध्ये पाणी जमू द्यायचे आणि ट्रे मोरीत रिकामा करायचा. हे बटण दाबण्याचा मान घरात एकाच माणसाला असे. तज्ज्ञाच्या आत्मविश्वासाचा उगम त्या बटणात आहे.

पुढे दोनदारी फ्रॉस्ट-फ्री फ्रीज आला आणि बटण गेले. बर्फ गेला नाही, तो फक्त नजरेआड झाला. या फ्रीजमध्ये गारवा तयार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड असते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. साधारण आठ ते बारा तास कॉम्प्रेसर चालला की तो थांबतो, कॉइलखालचा हीटर थोडा वेळ तापतो, हिम वितळते आणि पाणी खालच्या पन्हळीत उतरते. पन्हळीला एक भोक असते. त्यातून नळी निघते, ती फ्रीजच्या पाठीतून खाली जाऊन कॉम्प्रेसरवरच्या तसराळ्यात पाणी सोडते आणि कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते पाणी आपोआप उडून जाते. साऱ्या यंत्रणेत अडचणीची जागा एकच, ते भोक. फ्रीझरमध्ये उणे अठराच्या आसपास तापमान असते. भोकाच्या तोंडाशी थेंबभर पाणी रेंगाळले तरी ते गोठते, पुढच्या वेळी त्यावर आणखी पाणी गोठते आणि काही दिवसांत बूच बसते.

या बिघाडाची पहिली खबर तज्ज्ञाला कधीच लागत नाही. ती लागते कोथिंबिरीला. वाट न मिळालेले पाणी आधी फ्रीझरच्या तळाशी पसरून गोठते, मटारच्या पिशव्या तळाला घट्ट चिकटवते, मग हवेच्या मार्गाने खाली उतरते आणि भाजीच्या ट्रेखाली तळे करून बसते. “अहो, भाजीखाली परत पाणी आलंय,” या वाक्याने तज्ज्ञाचा हंगाम सुरू होतो. त्यातला ‘परत’ हा शब्द तो ऐकत नाही.

निदानाची सुरुवात आरोपांनी होते. कोणी तरी ताकाचे पातेले झाकण न ठेवता आत ठेवले, कोणी तरी दार उघडे टाकून फोनवर बोलत होते, सुनेने गरम आमटी सरळ आत सरकवली. या तिन्ही गोष्टींनी आतली वाफ वाढते हे खरे आहे, त्यामुळे आरोप अगदीच निराधार ठरत नाहीत आणि भांडण लांबते. त्यानंतर दाराच्या रबराची परीक्षा होते. दारात नोट धरून दार लावायचे आणि नोट ओढून पाहायची. सहज निघाली तर रबर सैल. ही चाचणी योग्य आणि उपयुक्त आहे. नोट किती रुपयांची घ्यावी याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही.

रबर ठीक निघाले की शस्त्रक्रियेचा रविवार ठरतो. फ्रीझर रिकामा करावा लागतो, आणि तेव्हाच त्या घराला आपल्या फ्रीझरमध्ये काय काय आहे ते प्रथम कळते. गेल्या हिवाळ्याचे मटार, दोन उन्हाळ्यांचा आमरस, खोवलेला नारळ, कोकणातून कोणी दिलेले ओले काजूगर, लोण्यासाठी साठवलेली साय आणि चिठ्ठी नसलेला एक डबा, ज्याच्याबद्दल कोणीच काही सांगू शकत नाही. हे सगळे शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये हलवले जाते. सुरमईसाठी शेजार विचारपूर्वक निवडावा लागतो.

तज्ज्ञाची अवजारे बिस्किटाच्या लोखंडी डब्यात असतात. त्यात टेस्टर, पकड, एम-सील, इन्सुलेशन टेप, सायकलच्या ब्रेकची जुनी तार, नातवाच्या औषधाची सिरिंज आणि वायरिंग बदलले तेव्हाची उरलेली तांब्याची तार हे सारे सापडते. पैकी तांब्याची तार सोडून बाकी सर्व वस्तू तो बाहेर काढतो. ती तार पुढे महत्त्वाची ठरणार आहे.

प्लग काढण्याचे काम तो करतोच, निदान बायकोने दोनदा आठवण केल्यावर. मग सिरिंजने भोकात गरम पाणी सोडणे सुरू होते. ही पद्धत बरोबर आहे, पण सावकाशीची आहे. एक किलो बर्फ नुसता वितळवायला जितकी उष्णता लागते, तितक्या उष्णतेत एक किलो पाणी शून्य अंशापासून ऐंशी अंशांपर्यंत तापते. हे गणित ठाऊक नसल्याने तज्ज्ञाचा धीर तिसऱ्या सिरिंजला सुटतो आणि हात स्क्रू ड्रायव्हरकडे जातो. येथे विनोद थांबतो. कॉइलची नळी पातळ असते, पुष्कळदा अॅल्युमिनियमची, आणि टोकदार वस्तू लागली तर ती फुटते. आजच्या बऱ्याच घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन, हा ज्वलनशील वायू असतो. तो गेला तर कोथिंबिरीपुरता असलेला खर्च नव्या फ्रीजपर्यंत पोचतो. टोकदार वस्तूने बर्फ फोडणाऱ्यांची तज्ज्ञांतली पोटजात म्हणूनच अल्पजीवी आहे. तिला घरचे लोक दुसरी संधी देत नाहीत.

सिरिंजवर टिकून राहणाऱ्याला यश येते. मागून गुडगुड असा आवाज होतो आणि पाणी नळीतून उतरते. हा आवाज ऐकायला घरातल्या प्रत्येकाला, वेळ पडल्यास वॉचमनलाही, बोलावले जाते. आनंदाच्या भरात आणखी दोन तांबे पाणी ओतले जाते. खालचे तसराळे हीटरच्या पाळीत पडणाऱ्या थोड्याशा पाण्यासाठी बनवलेले असते, तांब्यांसाठी नव्हे. फरशी पुसण्याचे काम तज्ज्ञाच्या कार्यकक्षेत येत नाही.

काही आठवड्यांनी बर्फ परत येतो. तज्ज्ञाला याचे वाईट वाटते असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याने बूच काढलेले असते, बूच का बसते हे पाहिलेले नसते. ते पाहायचे तर मागचा पत्रा उघडावा लागतो, आणि पत्र्याचे स्क्रू काढले की लावताना एक उरतो, या अनुभवामुळे तो तिकडे वळत नाही. कारणे मोजकीच असतात. नळीच्या खालच्या टोकाशी बुळबुळीत गाळ साचलेला असतो, किंवा हीटर तापतच नसतो, आणि तसे असेल तर सबंध कॉइलच बर्फाने लिंपलेली दिसते. पण कॉइल साफ आणि भोक तेवढे गोठलेले असेल, तर हीटरची ऊब भोकापर्यंत पोचत नाही. काही फ्रीजमध्ये यासाठीच हीटरला धातूची छोटी पट्टी अडकवलेली असते. तिचे टोक भोकात उतरते आणि हीटर तापला की भोकही तापते. ही पट्टी निसटली किंवा मुळातच नसली की दुखणे कायमचे होते.

उपाय स्वस्त आहे. कंपनीची पट्टी मिळाली तर उत्तम. नाही तर जाड तांब्याच्या तारेवरचे प्लॅस्टिक पूर्ण सोलून तिचे दोन वेढे हीटरच्या नळीला द्यायचे आणि उरलेले टोक दीड-दोन इंच भोकात सोडायचे. तांबे उष्णता फार चांगली वाहून नेते, त्यामुळे दर पाळीला हीटरबरोबर भोकाचे तोंडही मोकळे होते. तार विजेच्या जोडणीला किंवा पत्र्याच्या प्लॅस्टिकला टेकू द्यायची नाही. हीटर काचेचा असेल तर ताकद लावायची नाही.

हे काम शेवटी सर्व्हिसिंगचा तरुण करतो, व्हिजिट चार्ज घेऊन. तज्ज्ञ त्याच्या खांद्यामागे टॉर्च धरून उभा असतो. “काका, टॉर्च जरा सरळ धरा,” एवढीच त्या तरुणाची अपेक्षा असते. तो तार मागतो तेव्हा ती बिस्किटाच्या डब्यातूनच निघते. “मी तेच म्हणत होतो,” असे तज्ज्ञ सांगतो, आणि त्या दिवसापासून सोसायटीतल्या सर्व फ्रीजांचा सल्लागार होतो. त्याच्या सल्ल्यात सर्व्हिसिंगच्या तरुणाचा उल्लेख नसतो.

ज्या वाचकांच्या भाजीच्या ट्रेखाली पाणी येत असेल त्यांनी प्लग काढावा, बर्फ आपणहून वितळू द्यावा, पत्र्याआडची पट्टी जागेवर आहे का ते जाणत्याकडून पाहून घ्यावे, आणि हे सगळे उरकेपर्यंत शेजारच्या तज्ज्ञाला कळू देऊ नये.