पूर्वतयारीतले बापूसाहेब

बापूसाहेबांना कादंबरीबद्दल विचारलं की ते "लिहितोय" असं कधीच म्हणत नाहीत. "काम चालू आहे," म्हणतात. हे उत्तर त्यांनी मोजणी खात्यातल्या नोकरीत कमावलं आणि निवृत्तीनंतरही ते जसंच्या तसं वापरात आहे. बारशापासून तेराव्यापर्यंत कुठेही गेले तरी त्यांची ओळख 'कादंबरीकार' अशीच करून दिली जाते. खामगावात याचं कुणाला नवल नाही. जालन्याकडे जाणाऱ्या रेल्वेची ज्या गावानं शंभरावर वर्षं वाट पाहिली, सर्व्हेवर सर्व्हे होताना पाहिले, त्या गावाला एक न लिहिलेली कादंबरी काय जड आहे?

विषय मात्र खणखणीत. कापसाच्या अडत्याच्या चार पिढ्या, चार खंड. सुरुवात १८७० सालची. जलंबहून खामगावपर्यंतचा १३ किलोमीटरचा फाटा कापसासाठी टाकला गेला आणि उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला. त्या गर्दीत पहिल्या पिढीचा म्हातारा उभा आहे. त्याच्या डोक्याला पागोटं की रुमाल, यात बापूसाहेबांचा एक उन्हाळा गेला. मग म्हाताऱ्याला मेयो दिसेल का, हे ठरवायला त्यांनी स्टेशनच्या आवाराचा नकाशा काढला. प्रमाणात, उत्तर दिशेचा बाण दाखवून. बैलगाड्यांच्या रांगेमागून व्हाइसरॉय दिसत नाही असं निघालं. म्हाताऱ्याला चाळीस फूट पुढे सरकवलं, तर तो पोलिसांच्या कड्यात गेला. तिथून त्याला अजून कुणी सोडवलेलं नाही.

दर दिवाळीला बाजारपेठेतले व्यापारी नव्या चोपड्या घेतात, तेव्हा बापूसाहेबही कादंबरीसाठी एक लाल कापडी चोपडी आणतात. लक्ष्मीपूजनाला तिच्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर सुपारी, फूल. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'प्रकरण पहिले' आणि खाली पट्टीनं मारलेली दुहेरी रेघ. तुळशीच्या लग्नापर्यंत पान कोरं राहतं. त्यानंतर त्याच चोपडीत सरकीचे जुने भाव, गाठींची वजनं, मापाऱ्याच्या हाळ्या, हमालांच्या शिव्या उतरायला लागतात. शिव्यांना पिढीनुसार अनुक्रमांक आहेत.

सगळ्यात मोठा पेच गोदूनं घातला. गोदू म्हणजे दुसऱ्या पिढीत सून होऊन येणारी मुलगी. पात्राचा स्वभाव हवेतून काढू नये म्हणून बापूसाहेबांनी तिची पत्रिका करून घेतली. जन्मवेळ, जन्मस्थळ सगळं दिलं. मुलगी कागदावरची आहे एवढंच सांगितलं नाही. ज्योतिषीबुवा बराच वेळ बोटं मोजत राहिले आणि म्हणाले, "पोरगी शिकंन, नाव काढंन. पण लग्नाचं पस्तिशीपर्यंत काही खरं नाही." इकडे सहाव्या प्रकरणात चौदाव्या वर्षी तिचं लग्न! गोदू बिनलग्नाची राहिली तर तिसरी पिढी जन्मालाच येत नव्हती, आणि अख्खा तिसरा खंड तर तिच्याच नावावर चढलेला.

मी म्हटलं, "बापूसाहेब, जन्मवेळ बदला की. तुमच्याच हातात आहे."

त्यांनी चष्मा काढला. "रेकॉर्डमध्ये खाडाखोड करू म्हणता?"

शेवटी ग्रहांची शांत करवली, तेव्हा कुठे गोदूचं लग्न लागलं. दक्षिणा काकूंनी दिली. "माह्या सख्ख्या पोरीच्या लग्नाले इतकी फिकीर नाही केली यायनं," असं त्या म्हणाल्या. एरवी त्यांची कादंबरीविषयी तक्रार नाही. "चौदा मानसं हायेत तिच्यात, एकबी चहा मांगत नाही," म्हणतात.

बापूसाहेबांना आळशी म्हणणारे लोक त्यांना ओळखत नाहीत. माणूस पहाटे पाचला टेबलाशी असतो. ना. सी. फडक्यांच्या 'प्रतिभासाधन'ची प्रत त्यांनी तीनदा बांधून घेतली आहे. उद्धव शेळक्यांची 'धग' त्यांना परीक्षेला बसल्यासारखी पाठ आहे, कारण वऱ्हाडी बोली कुणाच्या तोंडी किती घालायची याचा हिशेब तिथून मांडायचा आहे. नेमाड्यांनी 'कोसला' पंचविशीत, तीही झपाट्यानं लिहिली, असं कुणी खिजवलं की ते शांतपणे म्हणतात, "पंचवीस वर्षं जगून ठेवलं होतं त्यांनी. ती पूर्वतयारी तुम्ही धरत नाही." वर 'हिंदू'चं उदाहरण देतात. ती येणार, येणार म्हणता म्हणता २०१० साली आली. आणि अगदीच कुणी पिच्छा पुरवला तर गावचाच दाखला काढतात: "जगभरच्या देवी दसऱ्याला उठतात. आपली मोठी देवी त्यानंतर, कोजागिरीला बसते. काही अडलं का कुणाचं?" यावर खामगावचा माणूस काय बोलणार? मलाही हा मुद्दा बिनतोड वाटतो.

मागच्या उन्हाळ्यात शेजारचा कॉलेजातला पोरगा आला. सुट्टीत त्यानं कादंबरी लिहून काढली होती, चक्क शेवटासकट. बापूसाहेबांनी ती एका रात्रीत वाचली आणि सकाळी त्याला ओसरीवर बसवलं.

"चांगली आहे बाबू. रडवलंस मले. पण घाई केली. तुह्या जिनाचा भोंगा सकाळी किती वाजता वाजते?"

"सातले असंन, काका."

"असंन?" बापूसाहेब आत गेले, चोपड्यांचा गठ्ठा घेऊन आले. भोंग्याची वेळ सांगितली. मग हंगामातली वेगळी वेळ, मग रेचे चालवणाऱ्या बायांची पाळी कधी बदलायची ते, मग कापसाच्या धुळीनं येणारा खोकला कसा असतो ते खोकून दाखवलं. पोरगा मोबाइलवर भराभरा टिपून घेत होता. दुपारी काकूंनी दोघांनाही ताटावर बोलावलं, तोवर त्याची तीन प्रकरणं दुरुस्त झाली होती.

पोरगा निघताना बापूसाहेब फाटकापर्यंत गेले. चौथ्या खंडात हातचं काही न राखता लिहून मोकळा होणारा एक तरुण त्यांना हवाच होता. त्यांनी त्याची जन्मवेळ विचारून घेतली.